तेल्हाऱ्याची रात्र आणि श्वासाची शिदोरी

अकोल्याहून उत्तरेकडे निघालेला प्रवासी पूर्णा नदी ओलांडतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. अलीकडे जी काळी कसदार माती, तीच पलीकडे; अलीकडे जे कपाशीचे, तुरीचे आणि हरभऱ्याचे शिवार, तेच पलीकडे. फरक आहे तो भूमीच्या पोटात. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या या प्रदेशाला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. येथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारट. पट्टा मागे पडू लागला की उत्तरेच्या क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ उमटते आणि त्या रेघेच्या पायथ्याकडे तेल्हारा हे तालुक्याचे गाव येते. सातपुड्यातून उतरणाऱ्या वान नदीवर वारी भैरवगडाजवळ धरण झाले आणि या भागाला गोड पाण्याचा आधार मिळाला.

गावाचा संसार कापसाभोवती फिरतो. हंगामात बैलगाड्यांची जागा आता ट्रॅक्टरांनी घेतली असली, तरी सरकी, ढेप, रुई आणि धान्य यांचे भाव हाच बाजारपेठेतील सकाळचा पहिला विषय असतो. या पेठेतील जुन्या दुकानांमध्ये जैन कुटुंबांची दुकाने आहेत. खाली गादी आणि काटा, वर राहते घर, मागे गोदाम, अशी त्यांची ठेवण. दिवसभर गजबजलेली ही पेठ रात्री दहानंतर अगदी शांत होते. पण वैशाख-ज्येष्ठातील वऱ्हाडी रात्र शांत असली तरी सुखाची नसते. दुपारी पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असतो, भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात, आणि रोहिण्यांच्या सुमारास वावटळ उठली की तारांवर फांद्या पडून वीज जाते. इतरांची झोप तेवढी मोडते. एखाद्या घरात मात्र त्याच क्षणी कोणाचा तरी श्वास अडखळू लागतो.

अशाच एका घराची ही हकीकत. घरातील कर्ते बाबूजी, वय ६६. ढेप-सरकीचा व्यापार, नियमाचे जीवन, सूर्यास्तापूर्वी भोजन, कोणतेही व्यसन नाही. तरीही कित्येक वर्षे रात्री त्यांच्या घोरण्याने घर हादरत असे. त्यांच्या पत्नीला त्या आवाजाची भीती नव्हती. आवाज मध्येच थांबे, त्याची भीती होती. दहा, वीस, कधी तीस सेकंद पूर्ण शांतता, आणि मग घुसमटून घेतलेला एक मोठा श्वास. दिवसा बाबूजींना गादीवर बसल्या बसल्या डुलकी लागे. लोक त्याला वयाचे लक्षण समजत. एकदा अकोटहून परतताना मोटार चालवता चालवता त्यांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरली. कोणाला इजा झाली नाही. पण त्यानंतर मुलाने हट्टाने त्यांची झोपेची तपासणी करून घेतली.

निदान झाले ते निद्राश्वसनरोधाचे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून शरीराला अर्धवट जागे करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. असे तासाला ५ ते १५ वेळा घडले तर विकार सौम्य, १५ ते ३० वेळा घडले तर मध्यम आणि ३० च्या वर गेले तर तीव्र मानतात. बाबूजींचा आकडा तीव्र गटातला होता. व्यसन नसणे आणि वेळेवर जेवणे हिताचेच. पण मानेची व जबड्याची ठेवण, वजन आणि वय यांच्यामुळे होणारा हा अडथळा त्यावाचूनही होऊ शकतो. उपचार केला नाही तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि दिवसाच्या झोपेतून अपघात होतात.

या विकारावरील मुख्य उपाय म्हणजे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रथम वापरली आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची माहिती प्रसिद्ध केली. तत्त्व साधे आहे. एक लहानसा पंखा खोलीतील हवा किंचित दाबाने नळीतून व मुखवट्यातून नाकात सोडतो आणि त्या दाबाने मिटू पाहणारा मार्ग उघडा राहतो. हा दाब बहुधा ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. यंत्र प्राणवायू देत नाही. ते फक्त वाट मोकळी ठेवते. आणि म्हणूनच वीज गेली की वाट पुन्हा मिटते.

पहिल्या हिवाळ्यात बाबूजींची प्रकृती पालटली. सकाळची डोकेदुखी गेली, गादीवरची डुलकी गेली. उन्हाळा आला आणि पुन्हा सगळे पूर्ववत होऊ लागले. विचारले की ते म्हणत, “यंत्र लावतो ना रोज.” सुनेला दुकानाचे हिशेब पाहण्याची सवय. तिच्या ध्यानात आले की हे यंत्रही आपला रोजमेळ ठेवते. किती वाजता सुरू झाले, किती तास चालले, सगळे त्याच्या पडद्यावर दिसते. तिने तो उघडला. माघात रोजची सहा-सात तासांची नोंद होती. वैशाखात दीड तास, पाऊण तास, आणि काही रात्री शून्य.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने हलक्या आवाजात विचारले, “बाबूजी, रात्री मुखवटा काढून ठेवता का?”

बाबूजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, वीज गेली की मुखवट्यात जीव कोंडतो. एकदा दचकून उठलो की पुन्हा लावायचे धैर्य होत नाही. तुम्हां सगळ्यांना रात्री उठवायचे तरी किती वेळा? म्हणून बोललो नाही.”

आयुष्यभर ज्यांनी वहीत खोटी नोंद केली नाही, त्यांनी घरच्यांना त्रास नको म्हणून ही एक गोष्ट दडवली होती. त्या दिवसापासून घराचा प्रश्न बदलला. बाबूजींना समजावणे संपले. यंत्राला अखंड वीज कशी द्यायची, हे ठरवणे सुरू झाले.

घरात इन्व्हर्टर होताच. मग तो असताना यंत्र का बंद पडते, हा पहिला प्रश्न. पेठेतील वायरमनला बोलावले. त्याने बॅटरी तपासली आणि वऱ्हाडी रोखठोकपणे सांगितले, “बाबूजी, बॅटरी तं चांगलीच आहे. पन तिच्यावर चार पंखे, टीव्ही, दिवे, समदे बसले. घरात कमावनारा एक अन् खानारे दहा, मंग पुरंल कसं?”

त्याच्या या एका वाक्यात सगळे गणित होते. सुनेने ते कागदावर मांडले. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास. पण शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसू नये. दीर्घ काळ टिकवायची तर निम्म्यावर थांबावे. उरले ९०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के घट धरली तर हाती आले ७६५. दोन खोल्यांतील जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, म्हणजे १५०, दिव्यांचे २०, आणि सीपॅपचे, पाणी तापवण्याची सोय बंद ठेवली तर, अवघे १०. एकूण १८० वॅट. ७६५ भागिले १८० म्हणजे सव्वाचार तास. चारही पंखे चालू असतील तर त्याहूनही कमी.

दोष यंत्राचा नव्हता, बॅटरीचाही नव्हता. बॅटरी पंखे खात होते. यंत्र बिचारे आठ तासांत ८० वॅट-तासच मागत होते. त्याच दोन खोल्यांत नव्या प्रकारचे, बीएलडीसी मोटारीचे ३० वॅटचे पंखे बसवले आणि रात्री एकच लहान दिवा ठेवला, तर एकूण भार ८० वॅटच्या आत येतो आणि तीच बॅटरी नऊ तासांहून अधिक चालते. मोठी बॅटरी घेण्याआधी खर्च कमी करावा, हा व्यापाराचाच नियम. येथेही तोच लागू पडला.

यंत्र नेमकी किती वीज घेते, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा लहान वॅटमीटर मिळतो. त्यावर एक रात्र यंत्र चालवून सकाळी आकडा पाहावा. दाब जास्त असेल, मुखवट्यातून हवा गळत असेल तर आकडा वाढतो. पाणी तापवणारे आर्द्रक आणि तापणारी नळी चालू असेल तर तो कितीतरी पट होतो. १० वॅटवर चालणारे यंत्र मग सरासरी ४५ वॅटही घेऊ शकते. आठ तासांचे ८० चे ३६० वॅट-तास होतात. म्हणून वीज गेलेल्या रात्री तापवण्याची सोय बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पात्रात पाणी तसेच ठेवले तर हवा त्यावरून जाताना थोडा ओलावा घेतेच.

या पाण्याविषयी एक गोष्ट खारपाणपट्ट्याच्या परिसरातील घरांनी ध्यानात ठेवण्याजोगी. जैन घरात उकळलेले पाणी वापरण्याची सवय असते आणि तेच आर्द्रकात घालावे असे वाटते. उकळल्याने जंतू नाहीसे होतात. क्षार नाहीसे होत नाहीत, उलट वाफ गेल्याने थोडे दाटच होतात. काही आठवड्यांत पात्राच्या तळाशी पांढरा थर बसतो. आर्द्रकासाठी शुद्ध केलेले ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणीही तेच. पण दोन्हींचे डबे वेगळे ठेवावेत, बॅटरीजवळचा डबा झोपण्याच्या खोलीत आणू नये.

पुढचा प्रश्न विजेच्या जातीचा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतात. पंखा त्यावर घरघरत का होईना चालतो. पण नाजूक वैद्यकीय यंत्राला आणि विशेषतः त्याच्या तापकाला शुद्ध साइन लहरींचा इन्व्हर्टर हवा. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि साधी अशी दोन स्थाने असतील तर यूपीएस निवडावे. अदलाबदल इतकी झटपट होते की यंत्र सहसा बंद पडत नाही. काही घरांत छतावर सौर पटले बसली आहेत आणि आता चिंता मिटली असा त्यांचा समज असतो. बॅटरीवाचून थेट वीजजाळ्याशी जोडलेली सौरव्यवस्था वीज गेली की सुरक्षेसाठी आपणहून थांबते, आणि रात्री तर सूर्यच नसतो. देयक कमी करणे हे तिचे काम. रात्रीचा श्वास सांभाळणे नव्हे.

एवढे झाल्यावरही घराने सीपॅपसाठी स्वतंत्र लहान बॅटरी घेण्याचे ठरवले. कारण सरळ होते. सामाईक गल्ल्यातून कोण किती उचलील याचा नेम नसतो. औषधाचा पैसा वेगळा बांधून ठेवतात, तशी श्वासाची शिदोरीही वेगळी असावी. पाहुणे आले, लग्नघर झाले, सगळे पंखे लागले, तरी तिला कोणी हात लावू नये.

ही बॅटरी निवडताना बाबूजींचा व्यापारी अनुभव कामी आला. दुकानदाराने पहिला नमुना दाखवला, त्यावर मोठ्या अक्षरांत २०,००० मिलिअँपिअर-तास लिहिले होते. आकडा ऐकून मुलगा खूश झाला. बाबूजींनी विचारले, “हे वजन ओल्या कापसाचे की वाळलेल्या?” प्रश्न मार्मिक होता. कापसात ओल ८ टक्क्यांवर गेली की भावात कपात होते. तसाच हा आकडाही ओलीसकट असतो. तो आतील ३.७ व्होल्टच्या घटाचा हिशेब. २० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-तास. यंत्राला लागणाऱ्या १२ किंवा २४ व्होल्टपर्यंत चढवताना त्यातलेही काही घटणार. म्हणून मिलिअँपिअर पाहू नयेत. वॅट-तास विचारावेत आणि तेही लेखी.

हिशेब असा झाला. रात्रीची गरज ८०. घट १५ टक्के धरली तर ९४. उन्हाळा आणि बॅटरीचे वय यांसाठी पाव हिस्सा राखीव, म्हणजे सुमारे १२०. त्यांनी १५० वॅट-तासांच्या आसपासची बॅटरी घेतली. याहून मोठी का नाही, यालाही कारण होते. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते. १०० ते १६० च्या दरम्यानची विमान कंपनीच्या परवानगीने नेता येते. त्यावरची प्रवाशाला नेता येत नाही. सुटी बॅटरी नेहमी हातातल्या सामानात ठेवावी, खाली जाणाऱ्या सामानात नाही.

जोडणीविषयी तर कसलीही तडजोड करू नये. काही यंत्रे १२ व्होल्टवर चालतात, काही २४ वर. पिन बसली म्हणजे जोड जमला असे नाही. यंत्राच्या निर्मात्याने सांगितलेलीच डीसी तार किंवा परिवर्तक घ्यावा. बॅटरीतून सरळ डीसी वीज दिली की ती आधी २३० व्होल्ट करून पुन्हा उतरवण्यातली दुहेरी घट वाचते. यंत्र बॅटरीशी कायम जोडून ठेवायचे असेल, तर ती एकाच वेळी स्वतः भरत असताना यंत्रालाही वीज देऊ शकते का, हे निर्मात्याच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावे. सगळ्या बॅटऱ्यांना ते जमत नाही. भारतीय मानक आयएस १६०४६ ची खूण नसलेली लिथियम बॅटरी स्वस्त मिळाली तरी घरात आणू नये.

वऱ्हाडात बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. शिशाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना आपले आयुष्य सुमारे निम्म्याने गमावते. लिथियम बॅटरीही ४५ अंशांवर भरू नये. म्हणून टिनाच्या माळ्यावर, उन्हात उभ्या मोटारीत किंवा गोदामातील सरकीच्या पोत्यांजवळ तिला जागा देऊ नये. तळमजल्याची, वारा खेळणारी, सावलीची जागा उत्तम. भरताना शिशाच्या बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो. ती झोपण्याच्या खोलीत कधीही नसावी. आणि बॅटरी निकामी झाली की ती भंगारवाल्याच्या हातून उघड्यावर फुटू देऊ नये. शिसे आणि आम्ल मातीत मुरले की त्या मातीतील किती जीव मरतात, हे वेगळे सांगायला नको. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिचा लाभ घ्यावा.

वैद्यांनी मात्र एक इशारा दिला. ज्यांना केवळ निद्राश्वसनरोध आहे, त्यांची एखादी रात्र यंत्रावाचून गेली तर त्रास होईल, सहसा प्राणसंकट नाही. पण ज्यांना हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा गंभीर विकार आहे, ज्यांना दोन दाबांचे यंत्र किंवा सोबत प्राणवायू लागतो, त्यांनी बॅटरीचा निर्णय दुकानात नव्हे, वैद्यांसमोर घ्यावा. प्राणवायूचे विद्युत्-संकलक यंत्र तर शेकडो वॅट घेते. ही लहान शिदोरी त्याला पुरणार नाही.

बॅटरी आली, तरी बाबूजींचा विश्वास बसायचा होता. एका रविवारी रात्री सुनेनेच मुख्य कळ बंद केली. घर अंधारले. यंत्राची हलकी सळसळ तशीच चालू राहिली. घरातील सर्वजण थोडा वेळ दाराशी उभे राहून ती ऐकत होते. सकाळी बॅटरीत अजून बराच हिस्सा शिल्लक होता आणि यंत्राच्या रोजमेळात सहा तास चाळीस मिनिटे.

त्या पावसाळ्याआधी बाबूजी कित्येक वर्षांनी मुक्तागिरीला जाऊन आले. परतवाड्याच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेशाच्या हद्दीत वसलेले ते ५२ मंदिरांचे सिद्धक्षेत्र. धर्मशाळेत मुक्काम म्हटला की रात्रीच्या भीतीने ते टाळत आले होते. या वेळी पिशवीत पूजेच्या वस्त्रांशेजारी यंत्र होते आणि त्याशेजारी बॅटरी. पहाटे पायऱ्या चढताना त्यांना दम लागला तो वयाचा, झोपेचा नव्हे.

आता त्या घरात एक नियम आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री मुख्य कळ बंद होते आणि सकाळी शिल्लक वहीत लिहिली जाते. बॅटरी वर्षागणिक किती उतरते, ते त्यावरून कळते आणि नवी कधी घ्यायची, हे संकट येण्याआधीच ठरते. मृगाच्या सरींपूर्वी सातपुड्यावर वीज चमकू लागली, वारा सुटला आणि तेल्हाऱ्याचे दिवे गेले, की त्या घरातही आता कोणी उठून धावत नाही.